मोठं विद्यापीठ, लहान वर्ग

मुलांनी पदवीसाठी कुठं जावं, याबद्दलचं माझं मत बदललं आहे. जुनं मत मी बारावीच्या वर्गात, पालकसभेत आणि एसटी स्टँडवर गाठ पडणाऱ्या आईवडिलांसमोर वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. त्यामुळं नवं मतही तितक्याच उघडपणे सांगणं मला भाग आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. बारावीचा निकाल लागला की लोक विचारायला येतात, आणि प्रश्न बहुतेकांचा एकच असतो. सार्वजनिक विद्यापीठाशी संलग्न असलेल्या जवळच्या कॉलेजात नाव घालावं, की नागपूर, अमरावती, पुण्याकडच्या एखाद्या लहानशा, नव्या खाजगी विद्यापीठात? माझं उत्तर ठरलेलं असायचं: ऐपत असेल, थोडंफार कर्ज झेपणार असेल, तर खाजगी विद्यापीठ. तिथं पोरगं गर्दीत हरवत नाही.

या मताला आधार होता. आमचं संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ 1 मे 1983 रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळं झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि वाशीम असे पाच जिल्हे आणि साडेतीनशेच्या वर महाविद्यालयं त्याच्या कक्षेत येतात. उमरखेडच्या मुलाला अमरावती सुमारे दोनशे किलोमीटर पडते. त्याला नांदेड जवळ. ज्या विद्यापीठाची पदवी घ्यायची, त्याची इमारत अनेक मुलं पदवी हातात पडेपर्यंत पाहतसुद्धा नाहीत. शिवाय राज्यातल्या सगळ्याच सार्वजनिक विद्यापीठांचं दुखणं सर्वांना ठाऊक आहे. परीक्षा लांबतात, निकाल रखडतात, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहतात आणि तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, नेमलेल्या तरुण शिक्षकांच्या खांद्यावर विभाग चालतात.

उलट बाजूला, गेल्या दहा-बारा वर्षांत राज्याच्या विधिमंडळानं एकेका खाजगी विद्यापीठासाठी स्वतंत्र कायदे केले आणि चकचकीत परिसर उभे राहिले. एकच आवार, स्वतःची परीक्षा, काही आठवड्यांत निकाल, डेटा सायन्ससारखे नवे विषय, प्रत्येक विद्यार्थ्यामागं एक मार्गदर्शक शिक्षक. खेड्यातून आलेल्या, चारचौघांत बोलायला बिचकणाऱ्या मुलासाठी यापेक्षा चांगलं काय असणार, असं मला मनापासून वाटायचं.

या मताला पहिला धक्का प्रयोगशाळेत बसला. आमच्याच जिल्ह्यातल्या एका संलग्न महाविद्यालयात बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाचं प्रात्यक्षिक बघण्याचा योग आला. भौतिकशास्त्र घेतलेली मुलं इतकी थोडी होती की एका स्पेक्ट्रोमीटरवर दोघंच. खिडक्यांना काळे पडदे, कोपऱ्यात सोडियमचा दिवा, खोलीभर पिवळा उजेड. एक मुलगी दुर्बिणीला डोळा लावून फट बारीक करत होती. प्राध्यापक मागं उभे होते, हात पाठीशी बांधून. तिनं फट जास्त मिटली, रेषा गेली. पुन्हा उघडली, रेषा जाड झाली. प्राध्यापक काही बोलले नाहीत. तिनं ग्रेटिंग किंचित फिरवलं, दुसऱ्या क्रमाची प्रतिमा शोधली आणि एकदम म्हणाली, "सर, दोन दिसतात!" सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात 5890 आणि 5896 अँगस्ट्रॉमच्या दोन रेषा असतात, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. त्या मुलीनं त्या स्वतःच्या डोळ्यांनी वेगळ्या करून पाहिल्या. त्यासाठी तिला लागला तेवढा वेळ कुणी तिच्याकडून हिसकावून घेतला नाही.

पुढं माझ्या एका माजी विद्यार्थ्यामुळं एका खाजगी विद्यापीठाचा परिसर पाहिला. इमारत देखणी होती, उपकरणं नवीकोरी होती. पण पहिल्या वर्षाच्या एकेका तुकडीत साठ-सत्तर मुलं होती आणि प्रयोग पडद्यावर दाखवला जात होता. मुलांना उपकरणाला हात लावायची पाळी क्वचित येत होती. सगळीकडे असंच असतं, असं माझं म्हणणं नाही. पण मी ज्या लहानपणाची शिफारस करत होतो ते विद्यापीठाचं लहानपण होतं, आणि मुलाला हवं असतं ते वर्गाचं. या दोन गोष्टी मी एकच धरून चाललो होतो. आमच्या भागातलं सार्वजनिक विद्यापीठ कागदावर प्रचंड आहे, पण यवतमाळच्या अमोलकचंद महाविद्यालयात, वणीच्या लोकमान्य टिळक महाविद्यालयात किंवा पुसदच्या फुलसिंग नाईक महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाची रोजची गाठ त्या पाच जिल्ह्यांशी पडत नाही. ती पडते एका विभागाशी, तीन-चार शिक्षकांशी आणि आपल्याच तालुक्यातल्या वर्गमित्रांशी.

ही रचना आपल्याकडे आजची नाही. लोकनायक बापूजी अणे 29 ऑगस्ट 1880 रोजी वणीत जन्मले. ते नागपूरच्या मॉरिस कॉलेजात शिकले, तेव्हा नागपुरात विद्यापीठच नव्हतं. ते आलं 1923 साली. त्यांची वकिलीची पदवी कलकत्ता विद्यापीठाची. शिकणं जवळच्या कॉलेजात आणि पदवीवर दूरच्या मोठ्या विद्यापीठाचा शिक्का, अशा व्यवस्थेतून वऱ्हाडातल्या पहिल्या पिढ्या शिकल्या. यवतमाळात वकिली करणारा हा माणूस पुढं बिहारचा राज्यपाल झाला. विद्यापीठ हजार किलोमीटरवर असल्यानं त्यांचं शिक्षण उणं राहिलं नाही.

दुसरी गोष्ट पैशाची. ती सांगताना मला जपून बोललं पाहिजे, कारण आमच्या भागात बाप पैशाबद्दल शेवटपर्यंत खरं बोलत नाही. 2024 च्या उन्हाळ्यात एक शेतकरी वडील मुलीला घेऊन आले. घरी पाच एकर कोरडवाहू, पऱ्हाटी आणि तुरीची. एका खाजगी विद्यापीठाचं इंजिनिअरिंगचं फी-पत्रक त्यांनी टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "सर, पैशाचं मी पाहून घेतो. तुम्ही फक्त सांगा, पोरीले कुठी टाकू?"

आम्ही त्याच पत्रकाच्या मागं हिशेब मांडला. त्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 रुपये जाहीर झाला होता. एकरी पाच क्विंटल धरले आणि सगळी पाच एकरं पऱ्हाटीची धरली, तरी पंचवीस क्विंटल. म्हणजे 1,88,025 रुपये. यातून बियाणं, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी जायची. पत्रकावरचं एका वर्षाचं शिक्षण शुल्कच या ढोबळ रकमेच्या आसपास होतं. हॉस्टेल, मेस आणि अनामत वेगळी. असं चार वर्षं.

वडील गप्प बसले. मुलगी म्हणाली, "बाबा, मी यवतमाळलेच राहते ना." तिच्या आवाजात त्याग नव्हता. तिनं हिशेब केला होता.

त्यानंतर काही दिवसांतच, 8 जुलै 2024 रोजी, राज्य सरकारचा शासन निर्णय आला. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक आणि शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काचा लाभ पन्नास टक्क्यांऐवजी शंभर टक्के मिळणार होता. तो शासकीय, अनुदानित आणि विनाअनुदानित महाविद्यालयांना आणि सार्वजनिक विद्यापीठांना लागू झाला. प्रवेश मात्र सरकारच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून, म्हणजे कॅप राउंडमधून, झालेला हवा. खाजगी अभिमत विद्यापीठं आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली होती. तीच मुलगी, तेच उत्पन्न, तीच पदवी. पुसदच्या किंवा यवतमाळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात कॅपमधून प्रवेश घेतला तर शिक्षण शुल्क सरकार भरणार, आणि खाजगी विद्यापीठात घेतला तर सगळं तिच्या बापानं भरायचं. अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना शिक्षण शुल्काची सवलत आधीपासूनच होती. झरी-जामणी, पांढरकवड्याकडच्या कोलाम पोरांना यवतमाळ-अमरावतीत राहून शिकता यावं म्हणून आदिवासी विकास विभागाची वसतिगृहं आणि पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आहेत. सार्वजनिक व्यवस्थेत शिकणाऱ्या मुलाभोवती सवलतींचं असं जाळं विणलेलं आहे. महाडीबीटीवर अर्ज भरताना नाकी नऊ येतात, पैसे उशिरा येतात, हे सगळं खरं. तरी ते जाळं आहे.

माझ्या जुन्या सल्ल्यातलं 'ऐपत असेल तर' हे कलम मी तेव्हापासून नव्यानं तपासू लागलो. पगारदार घराची ऐपत चार वर्षं सारखी राहते. यवतमाळच्या शेतकऱ्याची राहत नाही. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं जिल्ह्यातली पऱ्हाटी खाल्ली. जूनमध्ये जो बाप फी भरू शकत होता, तो डिसेंबरात उसनवारीला लागला. अशा वर्षी खाजगी विद्यापीठाच्या हप्त्याची तारीख पुढं सरकत नाही. सार्वजनिक विद्यापीठाच्या महाविद्यालयात पारंपरिक पदवीची फी काही हजारांत असते आणि दुष्काळ जाहीर झाला की परीक्षा शुल्क माफ होतं. मूल शिकत राहतं. आमच्या जिल्ह्यात शिक्षण सुरू करणं जितकं महत्त्वाचं, तितकंच ते मधे न तुटणं महत्त्वाचं. सल्ला देताना हे मी आता सगळ्यात आधी बघतो.

तिसरं कारण आमच्या विषयाच्या माणसाकडून मिळालं. दूरदर्शनवरच्या 'टर्निंग पॉइंट' या कार्यक्रमात विज्ञान समजावून सांगणारे प्राध्यापक यशपाल माझ्या पिढीच्या अनेकांना आठवत असतील. विश्वकिरणांवर काम केलेले हे शास्त्रज्ञ पुढं विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्षही होते. विदर्भाला लागून असलेल्या छत्तीसगडमध्ये 2002 साली एक कायदा झाला आणि बघता बघता तिथं शंभराहून अधिक खाजगी विद्यापीठं कागदावर उभी राहिली. कित्येकांना इमारत नव्हती, शिक्षक नव्हते. यशपाल सर्वोच्च न्यायालयात गेले. 11 फेब्रुवारी 2005 रोजी न्यायालयानं त्या कायद्यातली मूळ कलमंच रद्द केली आणि ती विद्यापीठं संपली. मग तिथं नाव घातलेल्या मुलांचं काय? न्यायालयानं त्यांच्यासाठी वाट ठेवली: त्या संस्थांना राज्याच्या आधीपासूनच्या सार्वजनिक विद्यापीठांशी संलग्न करून घ्यावं. ज्या मोठ्या, संथ, गर्दीच्या विद्यापीठांना नाकारून मुलं गेली होती, त्यांचंच दार शेवटी त्यांच्यासाठी उघडं राहिलं.

महाराष्ट्रातली आजची खाजगी विद्यापीठं त्या पंक्तीत बसवणं अन्याय होईल. प्रत्येकाच्या मागं विधिमंडळाचा कायदा आहे, त्यांच्या पदव्या वैध आहेत, काहींचं काम उत्तम आहे. छत्तीसगडच्या प्रकरणातून मी घेतलं ते एवढंच, की पदवी ही पुढची चाळीस वर्षं सोबत बाळगायची वस्तू आहे. ती देणारी संस्था त्या सगळ्या काळात जागेवर असली पाहिजे. 1983 पासून आजपर्यंत सरकारं किती आली नि गेली, पण पाच जिल्ह्यांचं विद्यापीठ जागेवर आहे आणि त्याची जुनी गुणपत्रिका आजही पडताळून मिळते.

चौथी गोष्ट हक्काची. सार्वजनिक विद्यापीठाचा कारभार नकोसा वाटला तरी त्याला जाब विचारण्याची सोय कायद्यातच आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हा 1 मार्च 2017 पासून लागू झाला. परीक्षा संपल्यावर 30 दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि कोणत्याही परिस्थितीत 45 दिवसांत तो जाहीर करावा, असं त्यात लिहिलं आहे. हे पाळलं जात नाही तेव्हा विद्यार्थी संघटना कलमावर बोट ठेवून विचारू शकतात, आणि विचारतात. अधिसभेत नोंदणीकृत पदवीधरांचे दहा प्रतिनिधी निवडून जातात. आर्णी-दिग्रसच्या मुलानं पदवी घेतली की पुढं तो आपल्या विद्यापीठाच्या अधिसभेसाठी मतदान करू शकतो, उभा राहू शकतो. आपली तपासलेली उत्तरपत्रिका बघण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयानं 9 ऑगस्ट 2011 रोजी माहिती अधिकाराखाली मान्य केला आहे. खाजगी विद्यापीठात मुलाला सेवा बहुतेकदा लवकर आणि गोड भाषेत मिळते. पण तिथं तो फी भरणारा असतो. सार्वजनिक विद्यापीठात तो, कितीही धक्के खावे लागले तरी, मालकांपैकी एक असतो. खेड्यातून आलेल्या मुलानं हे मालकपण लवकर शिकावं, असं मला आता वाटतं.

यावर माझे काही सहकारी विचारतात, मग वर्ग ओस का असतात? संलग्न महाविद्यालयात नाव आणि मूल स्पर्धा परीक्षेच्या क्लासला पुण्यात, हे चित्र खोटं आहे का? खोटं नाही. काही ठिकाणी वर्ग लहान आहे तो शिक्षणाच्या कळकळीनं नव्हे, तर मुलं येतच नाहीत म्हणून. काही विभागांत एकही कायम प्राध्यापक उरलेला नाही. सीएचबीवरचा शिक्षक नेट-सेट, पीएचडी होऊन महिनोन्‌महिने मानधनाची वाट बघतो आणि तरीही प्रयोगशाळा उघडतो. त्याच्या जिवावर आपण सार्वजनिक विद्यापीठाची बाजू घ्यायची आणि त्याच्या नेमणुकीबद्दल गप्प बसायचं, हे मला जमणार नाही. माझं नवं मत या अटीसह आहे.

खाजगी विद्यापीठांबद्दलचा माझा आदरही सगळाच्या सगळा गेलेला नाही. बंगळुरूचं अझीम प्रेमजी विद्यापीठ खाजगी आहे, लहान आहे आणि कुटुंबाचं उत्पन्न पाहून शिष्यवृत्ती देतं. असं विद्यापीठ एखाद्या मुलीला घेत असेल तर मी तिला आजही म्हणेन, बॅग भर. ज्या विषयाची सोय सार्वजनिक व्यवस्थेत नाहीच आणि घरचं उत्पन्न चार वर्षं भक्कम आहे, तिथंही माझी ना नाही. पण आता माझा पहिला शब्द सार्वजनिक विद्यापीठाचा असतो, आणि खाजगीनं आपली बाजू सिद्ध करावी, असं मी धरतो. पूर्वी हे नेमकं उलटं होतं.

आईवडिलांना मी आता एवढंच सांगतो. माहितीपत्रकावरचे फोटो बाजूला ठेवा आणि कॉलेजात कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता जा. प्रयोगशाळेचं दार उघडं आहे का ते बघा. मुलाला हव्या असलेल्या विषयाचे कायम शिक्षक किती, हे विभागात जाऊन विचारा. शेवटच्या वर्षाच्या दोन मुलांना चहाला बसवा आणि वर्गात खरंच किती जण असतात ते विचारा. शिष्यवृत्ती कुठं लागू आहे आणि कुठं नाही, ते प्रवेशाआधी लेखी घ्या. तोंडी आश्वासनावर जाऊ नका. आणि चार वर्षांची फी मांडताना त्यातलं एक वर्ष नापिकीचं धरा.

मुलांना सांगायचं ते असं. मोठ्या विद्यापीठात लहान जागा आपण शोधायची असते. ती आपोआप मिळत नाही. एक शिक्षक गाठा, एका ग्रंथालयाच्या टेबलावर रोज बसा, प्रात्यक्षिकाला दांडी मारू नका. तेवढं केलंत तर पाच जिल्ह्यांचं विद्यापीठ तुम्हाला मोठं वाटणार नाही.

आणि आमदारांना, मंत्र्यांना, अधिसभेवर निवडून गेलेल्या सगळ्यांना विनंती: रिकाम्या जागा भरा. यवतमाळच्या शेतकऱ्यानं आपली पोर सार्वजनिक विद्यापीठाच्या भरवशावर सोपवावी, असं मी आता घरोघरी सांगतो आहे. तो भरवसा खरा ठरवणं तुमच्या हाती आहे.